जनस्थानचे राक्षस : लंका, पाताळ आणि गोदाकाठ

शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेवरून नाशिकचे नाव पडले, ही कथा शहरात येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या कानी पडते. तपोवनात कपिला-गोदावरी संगमापाशी तिचे स्थळही दाखविले जाते. कथा मात्र बहुधा नाक कापण्यापाशीच संपते. ही शूर्पणखा कोण, लंका सोडून ती गोदाकाठी का राहत होती आणि तिच्या पाठीशी १४ हजारांचे सैन्य कोठून आले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याची उत्तरे वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात व उत्तरकांडात विखुरलेली आहेत. ती एकत्र ठेवली म्हणजे एका परागंदा कुळाची हकिगत हाती येते. यातील उत्तरकांड ही नंतरची भर असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पण राक्षसांची वंशावळ सविस्तर सापडते ती तेथेच.

उत्तरकांडाप्रमाणे प्रजापतीने प्रथम जल निर्माण केले आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्मिले. 'आम्ही रक्षण करू' असे ज्यांनी म्हटले ते राक्षस ठरले. म्हणजे या नावाचे मूळ राखणदारीत आहे, हे पुढे ऋषींचे यज्ञ उधळणाऱ्या राक्षसांच्या कथा वाचताना सहसा ध्यानी राहत नाही. या कुळाचे आद्य पुरुष हेति व प्रहेति. हेतीचा नातू सुकेश हा जन्मतःच आईने टाकून दिलेला. त्याचे रडणे ऐकून शिव-पार्वतीने त्याच्यावर कृपा केली. राक्षसांची मुले जन्मताच आईच्या वयाची होतील, हा वर पार्वतीने दिला तो याच प्रसंगी. सुकेशाला माल्यवान, सुमाली आणि माली हे तीन पुत्र झाले. तिघांनी तप करून ब्रह्मदेवाचा वर मिळविला आणि राहण्यास घर हवे म्हणून विश्वकर्म्याकडे धाव घेतली. त्याने त्यांना दक्षिण समुद्राच्या काठी त्रिकूट पर्वतावरील लंका दाखविली. ३० योजने रुंद आणि १०० योजने लांब अशी ही नगरी राक्षसांचे पहिले घर ठरली.

पाताळातील दिवस

वराच्या बळावर तिघा भावांनी देव आणि ऋषी यांना त्रास देण्यास प्रारंभ केला, तेव्हा विष्णू गरुडारूढ होऊन युद्धास आला. या युद्धात मालीचा शिरच्छेद झाला आणि राक्षससेना लंकेकडे पळू लागली. तरीही विष्णूचा मारा थांबेना. तेव्हा माल्यवान मागे वळला. पळणाऱ्यांना मारणारा तू पुरातन क्षात्रधर्म जाणत नाहीस, असे त्याने विष्णूला सुनावले. देवांना अभय दिले असून राक्षसांचा नाश हेच त्या अभयाचे पालन होय, असे उत्तर त्याला मिळाले. युद्धनीतीचा हा दाखला राक्षसाच्या तोंडी आहे, हे विशेष.

पराभूत राक्षस बायकामुलांसह लंका सोडून पाताळात गेले. ओस पडलेल्या लंकेत पुढे विश्रव्याचा पुत्र कुबेर येऊन राहिला. बऱ्याच काळानंतर सुमाली आपली कन्या कैकसी हिला घेऊन भूलोकी हिंडत असता त्याला पुष्पक विमानातून जाणारा कुबेर दिसला. असा तेजस्वी नातू आपल्या कुळात व्हावा, या हेतूने त्याने कैकसीला विश्रवा ऋषीकडे पाठविले. तिला रावण, कुंभकर्ण, शूर्पणखा आणि बिभीषण ही चार अपत्ये झाली. रावणाला वर मिळाल्याचे कळताच सुमाली आपल्या साथीदारांसह पाताळातून वर आला आणि लंका मूळची आपली असल्याचे त्याने नातवाला सांगितले. कुबेर वडीलबंधू म्हणून रावणाने आधी नकार दिला होता. प्रहस्ताने त्याचे मन वळविले. कुबेराने पित्याचा सल्ला मानून लंका सोडली व तो कैलासाकडे गेला. गमावलेले घर असे न लढता परत मिळाले.

शूर्पणखा गोदाकाठी कशी आली?

या वंशकथेत शूर्पणखेचे प्रकरण सर्वांत विदारक आहे. 'शूर्प' म्हणजे सूप. सुपासारखी नखे असलेली, असा तिच्या नावाचा अर्थ. रावणाने तिचा विवाह कालकेय दानवांपैकी विद्युज्जिह्वाशी लावला. पुढे दिग्विजयात अश्मनगरात कालकेयांशी लढताना त्याने आपल्या या मेहुण्यालाच ठार केले. विधवा बहीण रडत पायाशी आली, तेव्हा युद्धाच्या धुंदीत आपला-परका ओळखू आला नाही, अशी सबब त्याने सांगितली. भरपाई म्हणून तिची रवानगी मावसभाऊ खर याच्याकडे केली. दंडकारण्याच्या रक्षणासाठी खराला १४ हजार राक्षस दिले आणि दूषणाला सेनापती नेमले. तो तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, असा दिलासाही बहिणीला दिला. महाभारतातील रामोपाख्यानात खर हा शूर्पणखेचा सख्खा भाऊ आहे.

तेव्हा जनस्थान हे राक्षसांचे मूळ वतन नव्हते. ते लंकेच्या राज्याचे दूरचे ठाणे होते आणि नवऱ्याच्या मारेकऱ्यानेच पाठविलेली एक विधवा तेथे राहत होती. पंचवटीत रामासमोर ती आली ती ही पार्श्वभूमी घेऊन. नाककान कापले गेल्यावर ती प्रथम खराकडे धावली. त्याने १४ राक्षस धाडले; ते मारले गेल्यावर शूर्पणखेने त्याच्या शौर्यालाच डिवचले आणि मग सारी सेना निघाली.

अरण्यकांडातील या लढाईचे वर्णन राक्षसांच्या युद्धरीतीची चांगली माहिती देते. मुद्गर, पट्टिश, शूल, परशु, तोमर, परिघ, गदा अशी त्यांची आयुधे. श्येनगामी, पृथुग्रीव, यज्ञशत्रू आदी १२ वीर खराभोवती, तर त्रिशिरा धरून चौघे दूषणामागे. निघताना खराच्या ध्वजदंडावर गिधाड येऊन बसले, इतरही अपशकुन झाले. खराने ते हसण्यावारी नेले. इकडे रामाने सीतेला लक्ष्मणासह गुहेत पाठविले. नाशिकची परंपरा हा प्रसंग सीतागुंफेशी जोडते. दूषण आणि त्रिशिरा पडल्यावर खर एकटा उरला. रामाने त्याच्या पापांचा पाढा वाचला, त्यावर खरे शूर स्वतःची बढाई मारत नाहीत, असे त्याने बजावले. बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण सूर्य मावळला तर युद्धात विघ्न येईल, असेही तो म्हणाला. राक्षसांचे बळ रात्री वाढते, हा सार्वत्रिक समज. येथे मात्र निशाचरांचा नायकच दिवस सरण्याआधी लढाई आटोपू पाहतो. १४ हजारांचा हा संहार दीड मुहूर्तात, म्हणजे सुमारे ७२ मिनिटांत झाल्याचे महाकाव्य सांगते.

पुढे लंकेत शूर्पणखेने रावणाला ज्या शब्दांत धारेवर धरले, ते राजनीतीचे व्याख्यानच आहे. ज्याचे हेर जागे नाहीत त्याचे राज्य टिकत नाही, हा तिचा मुख्य आरोप. तो रावणाला लागला असावा. सीतेला लंकेत आणल्यावर त्याने ओस पडलेल्या जनस्थानात रामावर नजर ठेवण्यासाठी आठ राक्षस पाठविले. लंकेला वेढा पडण्याच्या सुमारास संधी करावी, सीता परत द्यावी, असे सांगणाऱ्यांत वृद्ध माल्यवान होता. लंका एकदा हातची गेलेली त्याने पाहिली होती. रावणाने त्याला दुरुत्तरे केली.

जैन परंपरेतील हकिगत

महाराष्ट्री प्राकृतात विमलसूरीने रचलेल्या 'पउमचरिय' या जैन रामकथेत राक्षस हे विद्याधरांचे एक राजकुळ आहे. ती माणसेच, केवळ विद्या अवगत असलेली. शूर्पणखा येथे चंद्रनखा आहे आणि खरदूषण हा एकच पुरुष, तिचा पती. तिचा पुत्र शंबूक खड्गप्राप्तीसाठी बांबूच्या बेटात साधना करीत असता लक्ष्मणाच्या हातून अजाणता मारला जातो. चंद्रनखेचे दंडकारण्यातील येणे मुलाच्या शोधात घडते. युद्धाचे मूळ येथे एका आईच्या शोकात आहे. कथा म्हणून ही मांडणी अधिक पटणारी वाटते.

पंचवटीवर दावा सांगणारे नाशिक हे एकच ठिकाण नव्हे. तेलंगणात भद्राचलमजवळ गोदावरीच्याच काठी पर्णशाला हे क्षेत्र तीच कथा सांगते. 'नाशिक' या नावाचीही नऊ शिखरांवरून आलेले अशी दुसरी व्युत्पत्ती सांगितली जाते. नाव प्राचीन असल्याबद्दल वाद नाही. पांडवलेण्यांच्या शिलालेखांत ते आढळते. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये येथे उत्खनन केले, त्यात प्राचीन वस्तीचे थर मिळाले. महाकाव्यातील युद्धाचा पुरावा त्यांतून शोधण्यात अर्थ नाही.

'जनस्थान' या नावाची कथा उत्तरकांडातच आहे. इक्ष्वाकूचा पुत्र दंड याने शुक्राचार्यांची कन्या अरजा हिच्यावर बलात्कार केला. शुक्राच्या शापाने त्याचे राज्य धुळीच्या वर्षावात नष्ट होऊन तेथे दंडकारण्य झाले आणि तपस्वी जेथे जाऊन राहिले ते जनस्थान. हा दंड रामाच्याच कुळातला. राक्षसांना येथे धाडले गेले ते या घटनेनंतर फार काळाने. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने १९९१ मध्ये सुरू केलेल्या साहित्य पुरस्काराला हेच नाव असून पहिला जनस्थान पुरस्कार विजय तेंडुलकर यांना देण्यात आला.