कांचनजंगाचा व्हरांडा

आजचा भाग एका इमारतीच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर भिलाईत सातव्या मजल्यावर घर घेतलं. दिवाणखान्याला पश्चिमेकडे भलीमोठी काच, पुढे हातभर बाल्कनी. घर पाहिलं डिसेंबरात, तेव्हा ते ऊन गोड वाटलं. मे महिन्यात दुपारी तिथे बसवेना. तंबू ठोकण्याआधी ऊन-वारा बघा, असं जवानांना आयुष्यभर सांगत आलो. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र विसरलो.

तेव्हा मुंबईची कांचनजंगा आठवली. कंबाला हिलवरची ही ८४ मीटर उंच, ३२ घरांची इमारत चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहतांसह रचली. १९८३ साली ती पूर्ण झाली.

त्यांच्यापुढे पेच असा होता. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. घर उघडं ठेवावं तर तापतं, भिजतं. बंद करावं तर वारा अडतो. याचं उत्तर जुन्या बंगल्यांत होतं. तिथे खोल्यांभोवती व्हरांडा असे. ऊन-पाऊस तो झेलायचा, खोल्या सावलीत राहायच्या. कोरियांनी तोच व्हरांडा वर नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि तिथे बागेला जागा दिली. घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली.

पुढे १९९२ मध्ये मलेशियात केन यांग यांनी मेनारा मेसिनियागा या मनोऱ्यात चढत्या बागा केल्या. २०१४ मध्ये मिलानमध्ये स्तेफानो बोएरी यांचे झाडांनी भरलेले दोन मनोरे उभे राहिले. त्यांचे फोटो आपण सगळेच मोबाइलवर पाहतो. पण फोटोत झाडं दिसतात. सावली आणि वारा दिसत नाही.

म्हणूनच कांचनजंगा जशीच्या तशी भिलाईत आणता येणार नाही. तिथे पश्चिमेचा वारा म्हणजे दिलासा, इथे उन्हाळ्यात तोच वारा म्हणजे लू. इथे पश्चिमेला जिना, न्हाणीघर, साठवणीची खोली हवी; मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला, खोल छज्जाखाली. वर झाडं लावायची तर ओल्या मातीचं वजन आणि उन्हाळ्यातलं पाणी यांचा हिशेब स्लॅब टाकण्याआधीच व्हायला हवा. मागाहून कुंड्या मांडून घर थंड होत नाही.

१९५५ च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्यासोबत आमचं हे शहर वाढलं. जुन्या सेक्टरांतल्या झाडांखालून संध्याकाळी चालताना आजही फरक कळतो. आता इथेही उंच इमारती येताहेत. त्या इथलं ऊन ओळखून बांधल्या नाहीत, तर पुढची पिढी एसीचं बिल भरत बसेल.

मी सध्या काचेबाहेर बांबूचे पडदे सोडलेत. थोडा आराम आहे. तुम्ही मात्र घर बघायला जाल तेव्हा मे महिन्यात, दुपारी ३ वाजता जा.

जय हिंद.