खिशाआधीची पाती

जुन्या घराण्याचा इतिहास लिहावयास बसले की पहिली आठवण तलवारीची होते. दसऱ्याला पूजेत मांडलेले एखादे गंजके पाते आणि ‘आमचे मूळ पुरुष अमक्या सरदाराबरोबर आले’ ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली हकिगत, एवढ्या आधारावर अनेक कुळांचा इतिहास उभा असतो. कोरगावात आणि पेडणे महालातील इतर गावांतही चित्र फारसे वेगळे नाही. परंतु तलवारीने मुलूख मिळाला तरी संसार उभा राहत नाही. तो ज्या लहान पात्यांनी उभा केला, ती रोज अंगावर वागवली जाणारी पाती आपल्या वंशावळींत कोठे येत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत.

मिटणारा चाकू ही वस्तू जगात बरीच जुनी. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा असा चाकू सापडला आहे. रोमन लोकही मिटणारे चाकू वापरीत. कारखान्यात घडलेला, स्वस्त आणि सामान्य माणसाच्या खिशातला चाकू मात्र एकोणिसाव्या शतकात बोकाळला. फ्रान्समधील जोसेफ ओपिनेल याने लाकडी मुठीचा आपला साधा चाकू १८९० मध्ये घडवला. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, कार्ल एल्सनर याने स्विस सैन्यास चाकू पुरवण्यास आरंभ केला. पण चाकू खिशात जावयाचा तर आधी खिसा हवा. कास्टी नेसून शेतात उतरणाऱ्याला खिसा कोठला? धोतर-उपरण्यात वावरणाऱ्यालाही तो नव्हता. म्हणून आपल्याकडील पात्यांनी तीन निराळ्या जागा शोधल्या : कंबर, चंची आणि कलमदान.

कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, हा कोकण-गोव्यातील कष्टकरी पुरुषाचा जणू पोशाखच होता. नारळ सोलणे, झावळ्या तोडणे, कुंपणाची काटी छाटणे, वाटेतला वेल कापणे, ही सारी कामे त्या एका पात्याने होत. हे पाते मिटत नसे, आणि त्यास कारण होते. या मुलखातील चार महिन्यांच्या पावसात लोखंड हां हां म्हणता गंजते. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात व कमानीत एकदा गंज शिरला की तो उघडता उघडत नाही. उघड्या कोयत्यास खोबरेल चोळले आणि दगडावर धार लावली की काम भागते. फणसाचा चीकही त्याच तेलाने सुटतो.

चंचीतले पाते म्हणजे अडकित्ता. त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली तर आपल्या हाताला मिटणाऱ्या पात्याची ओळख किती जुनी आहे, हे ध्यानात येते. दोन दांडे, टोकाशी एक खिळा. वरचा दांडा धारेचा, खालचा बोथट. सुपारी खिळ्याजवळ आणि हात दूरच्या टोकास, त्यामुळे थोड्या जोरात कठीण सुपारीही फुटते. मिटला की धार खालच्या दांड्यावर विसावते व चंचीचे कापड फाटत नाही. त्याचे नावही बोलके आहे. कानडीत सुपारीला ‘अडके’ म्हणतात. त्याच कुळातला मलयाळी शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि तो ‘अरेका’ होऊन युरोपभर गेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचा संग्रह ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या साध्या अवजारावर कारागिरांनी किती जीव ओतला होता, हे सांगावयास नको.

तिसरे पाते कलमतराश. बोरूचे टोक झिजले की ते तासून पुन्हा तिरके कापावे लागे. मोडीचे वळण त्या कापावरच अवलंबून असे. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. राज्यकर्ते बदलले, तरी नव्या काबिजादींतील गावकीच्या लिखापढीत मराठी आणि मोडी दीर्घकाळ टिकून राहिली. ज्या कागदांवर आज आपण आपली वतने व हक्क शोधतो, ते या इवल्या पात्याने तासलेल्या बोरूनेच लिहिलेले आहेत.

पुढे सदरा, कोट आणि विजार आली, तिच्याबरोबर खिसा आला आणि खिशात चाकू. शब्दांचा प्रवासही गमतीचा आहे. ‘सुरी’ संस्कृत छुरिकेच्या कुळातली, ‘चाकू’ तुर्की-फारसीच्या वाटेने आलेला, आणि पोर्तुगीजांचा खिशातला चाकू ‘कानिवेत’. या एका चाकूने लेखणी तासली, आंबा चिरला, सुतळी कापली. आमच्या मते त्याचे खरे महत्त्व निराळेच आहे. कोयता पाहून माणसाचे काम कळे, अडकित्ता पाहून घराची ऐपत कळे, कलमतराश पाहून विद्या कळे. खिशातला चाकू मात्र भाटकाराच्या खिशात असो वा मुंडकाराच्या, सारखाच दिसे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. तलवार देवघरात गेली, अडकित्ता काचेच्या कपाटात गेला, कोयता मात्र गोठ्याच्या कुडालाच राहिला. हा क्रम सहज घडलेला नाही. कोयता बहुतेक वेळा आपल्या पूर्वजांच्या कमरेला नव्हता. तो आपल्या भाटात राबणाऱ्या कुळाच्या, मुंडकाराच्या कमरेला होता. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी जमिनीचे व घराचे हक्क त्यांना दिले, अथवा निदान मान्य केले. घराण्यांच्या इतिहासात मात्र त्यांना अद्याप ओळ मिळालेली नाही.

आज पाते जवळ बाळगणे संशयास्पद झाले आहे. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू खलनायकाच्या हाती दिला; आणि २०२२ मध्ये मोप येथे उद्घाटन झालेल्या विमानतळावर, म्हणजे आपल्याच तालुक्यात, हातातील सामानात चाकू नेता येत नाही. शस्त्रविषयक नियम मात्र अधिक समंजस आहेत. ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्यांवर निर्बंध घालताना त्यांनी घरगुती व शेतीकामाची पाती वगळली आहेत. हत्यार आणि अवजार यांतील भेद कायद्याने जाणला. तो आपणही विसरू नये.

चतुर्थीच्या माटोळीसाठी रानातली फळे व वेल तोडताना कोयता अजून लागतो. तेव्हा वाचकांस आमची एवढीच विनंती, की भंगारवाल्यास जुने लोखंड देण्यापूर्वी प्रत्येक पाते एकदा हातात घेऊन पाहावे. ते कोणी घडवले, कोणी वापरले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. त्या टिपणात राबणाऱ्याचे नावही आवर्जून यावे, मग ते आपल्या आडनावाचे असो वा नसो.