तपासणी शरीराची की जातीची?

डिसेंबर 1971. सिल्हेटच्या लढाईत पाचव्या गोरखा रायफल्सचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हते. त्यांनी स्वतःच्या खुकरीने निकामी पाय तोडला. पुढची शस्त्रक्रिया युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने केली. एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढची कोणी सांगत नाही, आणि आमच्या दृष्टीने खरा इतिहास तिथेच आहे.

कृत्रिम पाय लावून आलेल्या कार्डोझोंना टेबलावरचे काम नको होते. त्यांनी पलटणीचे नेतृत्व मागितले. वैद्यकीय श्रेणी आडवी आली. मग त्यांनी धडधाकट अधिकाऱ्यांसोबत शारीरिक चाचणी दिली, डोंगर चढून दाखवले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रैना यांनी लडाखच्या बर्फात त्यांना चालताना पाहिले आणि परवानगी दिली. (रैनांचा स्वतःचा एक डोळा काचेचा होता, हेही लक्षात ठेवा.) कार्डोझो आधी बटालियनचे, नंतर ब्रिगेडचे कमांडर झाले. युद्धात पाय गमावलेला अधिकारी या जागांवर पहिल्यांदाच बसला.

म्हणजे शेवटी प्रश्न एकच उरला: हे काम याला जमते का?

आमच्या पणजोबांना हा प्रश्न विचारलाच नाही. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात लढलेल्या महारांची भरती 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. कोणत्या डॉक्टरने त्यांना अपात्र ठरवले? कोणाची छाती, कोणाची नजर कमी भरली? लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त बोकाळला आणि पात्रता अंगातून काढून जन्मात नेऊन ठेवली. ज्या घराने सुभेदार रामजी सकपाळ दिले, त्या घरातल्या पोरांना आता शिपायाचीही जागा नाही! शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये अर्ज केला तो याच अन्यायावर. 1917 मध्ये युद्धाला माणसे कमी पडली, तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली. 1921 मध्ये मोडली. चार वर्षांत या माणसांचे गुडघे झिजले होते काय? 1941 मध्ये बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे दार पुन्हा उघडले.

वैद्यकीय निकष नकोत असे आमचे म्हणणे नाही. सियाचीनवर सहानुभूतीने गस्त घालता येत नाही. आजच्या 'शेप' पद्धतीत मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांना वेगवेगळे अंक मिळतात. माणसाला एकच शिक्का मारण्यापेक्षा हे बरे. पण जखमी जवानाला अधिक कष्टाच्या कामावर जायचे असेल, तर अंक बदलून देणारे मंडळ त्याला मिळते का, हा कळीचा प्रश्न आहे. कार्डोझो मेजर होते, लष्करप्रमुखांपर्यंत पोहोचू शकले. शिपायाचे काय?

त्याचे उत्तर 2008 मध्ये न्यायालयातून आले. कायमची कनिष्ठ वैद्यकीय श्रेणी मिळाली म्हणून जवानांना थेट घरी पाठवले जात होते. राजपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैद्यकीय कारणावर सेवामुक्त करायचे तर आधी अपात्रता ठरवणारे वैद्यकीय मंडळ बसलेच पाहिजे. आपल्या वस्तीतला कोणी जखमी होऊन सुट्टीवर आला असेल, तर सही करण्याआधी त्याला एवढेच विचारा: मंडळ बसले का, आणि त्याच्या अहवालाची प्रत तुझ्या हातात आहे का?