वसईच्या परिसरांतील धर्मयात्रा



ज्युबिलीचें वर्ष हें मागें वळून पाहण्याचें वर्ष होय. परंतु मागें वळून पाहावयाचें तें कोठवर? आपल्यापैकीं बहुतेकांची दृष्टि वसईच्या किल्ल्यापाशीं जाऊन थांबते. बाहेरगांवचा पाहुणा आला म्हणजे आपण त्यास किल्ला दाखवितों, पडक्या भिंतींकडे बोट करितों, "आमचे पूर्वज येथील" असें म्हणतों आणि घरीं परततों. किल्ला प्रेक्षणीय आहे यांत शंका नाहीं. पण आपला इतिहास त्याच्या तटांत मावणारा नव्हे. तो भोंवतालच्या गांवांत, तळ्यांच्या कांठीं, बंदरांवर व बेटावर विखुरला आहे. आणि त्यांतील बहुतेक स्थळें इतकीं जवळ आहेत कीं, सकाळच्या मिस्साबलिदानानंतर निघालें असतां दिवेलागणीस घरीं येतां येईल. अशा कांहीं स्थळांची ओळख करून देण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

किल्ल्याविषयीं थोडक्यांत सांगतों. ता. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, व मे १७३९ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. या दोन शतकांत तटाच्या आंत एक वैभवशाली नगर उभें राहिलें. सांत जोजेफच्या मुख्य मंदिराचा उंच मनोरा अद्याप उभा आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, त्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांत जमिनीवर थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. त्या अवश्य पाहाव्या; परंतु त्यांवरील नांवें बहुतेक पोर्तुगीज सरदार-उमरावांचीं आहेत, हेंही ध्यानांत घ्यावें. शेत करणारे, ताडामाडांवर चढणारे, मचवे हांकणारे जे आपले वाडवडील, ते तटाबाहेर राहत. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी नांवाचा एक इटालियन प्रवासी वसईस आला होता. त्यानें तटाबाहेरील कसब्याचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे: फळझाडांच्या व उंसाच्या बागा मैलोगणती पसरलेल्या, यंत्रांनीं पाणी ओढून सदैव हिरव्या राखिलेल्या. ज्यांच्या हातांनीं त्या बागा पिकविल्या त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत. त्यांचा माग काढावयाचा तर तटाबाहेरच पडावें लागेल.

प्रथम सोपाऱ्यास चलावें. आज नालासोपारा स्टेशनावर उतरणाऱ्या हजारों माणसांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, हें प्राचीन काळीं शूर्पारक नांवाचें नामांकित बंदर होतें. येथें 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी एक टेंकडी होती. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ती खणविली, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागीं दगडी पेटी, तींत तांब्याचा करंडा व त्याभोंवतीं बुद्धाच्या आठ लहान मूर्ति. त्या करंड्यांत एकांत एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे करंडे. आणि सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंड्यांत मातीच्या भांड्याचे इवलेसे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अंश मानून भक्तांनीं ते सोन्यांत जपून ठेविले होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. संतांच्या अवशेषांस मान देणाऱ्या आपल्या समाजानें ही भक्ति ओळखावी, असें आम्हांस वाटतें.

त्याच वर्षीं सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही सांपडला. त्या शासनाचा आशय आमच्या विषयास फारच जुळणारा आहे. पूर्वींचे राजे मृगया व करमणुकीसाठीं विहारयात्रा करीत. परंतु आपण राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर धर्मयात्रा सुरू केल्या, असें अशोक सांगतो. धर्मयात्रेंत करावयाचें काय? श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दानधर्म, आणि खेड्यापाड्यांतील लोकांस भेटून धर्माची विचारपूस. सहलीस निघणाऱ्या माणसाला याहून चांगला उपदेश कोणता करावा?

सोपाऱ्याशीं आपला स्वतःचाही संबंध आहे, आणि तो पोर्तुगीजांहून जुना आहे. वास्को द गामा कालिकतास १४९८ सालीं आला. त्यापूर्वीं १७७ वर्षें, म्हणजे १३२१ सालीं, जोर्दानुस नांवाचे दोमिनिकन धर्मगुरु व चार फ्रान्सिस्कन साधु ठाण्याच्या बंदरांत उतरले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व बंधु देमेत्रियुस हे ते चौघे. जोर्दानुस सोपाऱ्याकडे गेले असतां त्या चौघांस एप्रिल महिन्यांत ठाण्यास धर्मासाठीं मरण आलें. जोर्दानुस यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढें ओदोरिक नांवाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानें त्यांच्या अस्थि थेट चीन देशापर्यंत नेल्या. ठाणें व सोपारें यांच्या दरम्यान ३५ जणांचा बाप्तिस्मा झाल्याचें जोर्दानुस यांनीं आपल्या पत्रांत लिहिलें आहे. त्या वेळीं येथें कोणाचें आरमार नव्हतें, किल्ला नव्हता, तोफ नव्हती. ज्यांना वाटतें कीं आपला धर्म या किनाऱ्यावर केवळ राज्यसत्तेच्या पाठीवर बसून आला, त्यांनीं हे पांच निःशस्त्र प्रवासी आठवावे.

सोपाऱ्याच्या शेजारींच गास आहे. तेथील ख्रिस्तमंदिर सांत गोन्सालो गार्सिया यांच्या नांवाचें. त्यांचा जन्म वसईस १५५७ च्या सुमारास झाला. पिता पोर्तुगीज, माता येथली. बालपणीं ते येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासांत वाढले, त्यांच्यासह जपानास गेले, तेथील भाषा शिकले. पुढें कांहीं काळ व्यापार केला. आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं ते दुभाषी म्हणून पुनः जपानांत आले व ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले. ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. वसईच्या मातींत जन्मलेल्या या पुत्राची थोरवी परक्याची भाषा मन लावून शिकण्यापासून सुरू झाली, हें आमच्या तरुणांनीं विसरूं नये.

किनाऱ्याकडे भुईगांव लागतें. तेथें १९५६ सालीं अशोकाच्या नवव्या शासनाचा तुकडा सांपडला. आजारपणांत, लग्नांत, अपत्यजन्मीं, प्रवासास निघतांना लोक नाना प्रकारचे मंगलविधि करितात. परंतु खरें मंगल म्हणजे चाकर-नोकरांशीं नीट वागणें, गुरुजनांचा मान राखणें, प्राण्यांविषयीं संयम व दान, असें तें शासन सांगतें. उत्सवाच्या वर्षीं तें आठवणें अप्रस्तुत होणार नाहीं. तेथून निर्मळ जवळच. तळ्याच्या परिसरांत शंकराचार्यांची समाधि आहे व कार्तिक वद्य एकादशीस तेथें मोठी जत्रा भरते. आणि त्याच गांवांत आपलें पवित्र क्रूसाचें ख्रिस्तमंदिर आहे. दोन्ही समाज एकमेकांच्या शेजारीं नांदतात.

उत्तरेस, वैतरणेच्या मुखाशीं, अर्नाळ्याचें बेट. किनाऱ्यावरून होडीनें थोडक्याच वेळांत तेथें जातां येतें. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें जिंकून किल्ला नव्यानें बांधला; दरवाज्यावर बाजीराव पेशव्यांच्या नांवाचा शिलालेख आहे. तटावर उभें राहिलें म्हणजे वसईचें भवितव्य येथेंच ठरलें असावें असें वाटतें. कारण पुढें दोनच वर्षांत चिमाजीअप्पांनीं मोठ्या वेढ्यानंतर वसई घेतली. या विजयासाठीं केलेला नवस म्हणून बांधविलेलें वज्रेश्वरीचें देऊळ तानसेच्या कांठीं आहे, व जवळच उन्हाळीं म्हणजे ऊन पाण्याचे झरे आहेत. आपल्या घंटांचें काय झालें हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मात्र एका दिवसाचा हिशेब सोडून नाशिकास जावें. गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर वसईहून नेलेली एक घंटा आहे. तिच्यावर १७२१ हें साल आहे. तिजकडे पाहून कोणीं खेद मानूं नये. वसईची खाडी ओलांडून बोरिवलीस मंडपेश्वरीं गेलें म्हणजे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते: तेथील प्राचीन शैव लेण्याचें फ्रान्सिस्कनांनीं ख्रिस्तमंदिर केलें होतें; भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस अजून आहे, वर मठाचे अवशेष आहेत, आणि लेण्यांत आज पुनः शिवाची पूजा चालते. देणें-घेणें दोन्हीं बाजूंनीं झालें. ज्यास इतिहास सांगावयाचा आहे त्यानें दोन्ही पानें वाचावीं.

१७३९ च्या तहांतील एक गोष्ट मात्र प्रत्येक घरीं सांगितली पाहिजे. किल्ला सोडून जातांना पोर्तुगीजांनीं जीं कलमें मागितलीं, त्यांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, आणि वसई शहरांत, कसब्यांत व साष्टींत कांहीं ख्रिस्तमंदिरें त्यांच्याकडे राहावीं, असें मागणें होतें. आणि चिमाजीअप्पांनीं तें मान्य केलें. सरदार गेले, मठ ओस पडले, तटांतील नगरावर पिंपळ वाढले. परंतु तटाबाहेरच्या वाड्यांत जपमाळ चालूच राहिली. ज्यांच्या श्रद्धेला राजाचा आधार उरला नाहीं त्यांचीच श्रद्धा टिकली, आणि तिचें फळ म्हणून १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपण वारस आहों ते या लोकांचे. पडक्या वाड्यांतील उमरावांचे नव्हे.

आतां शेवटचें मागणें. आज वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, विहिरी बुजत आहेत, सामवेदी बोलींतले जुने शब्द मुलांच्या तोंडून नाहींसे होत आहेत. म्हणून या ज्युबिली वर्षांत प्रत्येक कुटुंबानें मुलाबाळांसह वर सांगितलेल्या एका तरी स्थळीं जावें. आणि अशोकानें सांगितल्याप्रमाणें वाटेंत एका तरी वृद्धाची भेट घ्यावी. त्यांस जुन्या क्रूसांची, विहिरींची, शेतांचीं नांवें विचारावीं व तीं वहींत उतरून ठेवावीं. दगडी शासनें शोधण्यास पंडित येतील. पण म्हाताऱ्या आजीच्या स्मरणांत जें आहे, तें तिच्या नातवंडांनींच टिपावयास हवें. देव आपणां सर्वांच्या या यात्रा सफल करो.