इमोबिलायझर आणि दुरुस्तीचा अधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

युरोपीय आयोगाच्या १९९५ च्या निर्देशान्वये ऑक्टोबर १९९८ पासून युरोपातील नव्या मोटारींत इमोबिलायझर अनिवार्य झाला. किल्लीतील चिपची सांकेतिक ओळख पटल्याखेरीज इंजिन चालू राहत नाही. चोरांची वाट अडली खरी. परंतु बिघडलेला इंजिन-नियंत्रक बदलणारा कारागीरही यंत्राच्या लेखी चोरच ठरला! नव्या नियंत्रकाचा जुन्या किल्लीशी मेळ घालणारे सॉफ्टवेअर कोणाच्या हाती असावे, हा वाद त्यातूनच उद्भवला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या २०१२ च्या कायद्याने स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीविषयक माहितीचा हक्क दिला. इमोबिलायझरची माहिती मात्र वेगळ्या सुरक्षित व्यवस्थेमार्फतच मिळेल, अशी तरतूद केली. उत्पादकांची गुप्ततेची भूमिका याहून ताठर होती. मेगामॉस संकेतप्रणालीतील दोष दाखविणारा शोधनिबंध २०१३ मध्ये फोक्सवागेनच्या अर्जावरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने रोखला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही एक वाक्य गाळून.