कृमिदंत आणि औषधाचे मुखधारण : वनौषधी मुखपट्टीची पूर्वपीठिका

भारतीय दंतचिकित्सेचा इतिहास सांगताना बहुधा वनस्पतींची नामावळी दिली जाते. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांबीचे दातवण सांगितले असून कडू वृक्षांत निंब व तुरट वृक्षांत खदिर श्रेष्ठ मानला आहे. मात्र औषध कोणते, याइतकाच ते तोंडात किती वेळ टिकते हाही प्रश्न प्राचीन वैद्यांपुढे होता. नामावळीत तो हरवून जातो.

सुश्रुताने कवल व गंडूष यांत भेद केला आहे. तोंडात सहज फिरविता येईल तेवढी द्रवाची मात्रा म्हणजे कवल. फिरविताच येणार नाही इतके तोंड भरले, तर तो गंडूष. डोळ्यांतून व नाकातून पाणी येऊ लागेपर्यंत तो धरून ठेवावयाचा असे. चरकसंहितेतील खदिरादी गुटिका हा त्यापुढील टप्पा म्हणता येईल. द्रव थुंकावाच लागतो. तोंडात धरलेली गोळी मात्र हळूहळू विरघळत राहते. (वाग्भटाने मधाचाही गंडूष सांगितला आहे. दातांच्या दृष्टीने मध ही शर्कराच, हे येथे विसरता येत नाही.)

सुश्रुताचा ‘कृमिदंत’ म्हणजे आजच्या जंतुसिद्धान्ताची पूर्वसूचना, असे मानणे घाईचे ठरेल. दातातील किड्याची कल्पना बाबिलोनियातही होती. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ मध्ये ती नाकारली. तोंडातील जंतू पिष्ट व शर्करा यांपासून आम्ल निर्माण करतात आणि आम्लामुळे दाताचे कवच विरते, ही मीमांसा विलोबी मिलर याने १८९० च्या ग्रंथात मांडली. १९२४ मध्ये क्लार्क याने स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा केला.

कारणमीमांसा बदलली, तरी धारणेचा प्रश्न उरलाच. लाळ अखंड स्रवते आणि चूळ भरून घेतलेले औषध थोड्याच वेळात धुऊन जाते. कायटोसानसारख्या चिकट बहुवारिकात वनस्पतीचा अर्क मिसळून तयार केलेली पातळ पट्टी गालाच्या आतील त्वचेस किंवा हिरडीस चिकटते व अर्क सावकाश सोडते. गंडूषाचे काम येथे रुग्णाच्या सहनशक्तीऐवजी पट्टीवर सोपविले जाते. परीक्षानळीत जंतू मारणारा अर्क दातावरील घट्ट जंतुथरात तितकाच प्रभावी ठरतो असे नाही. शिवाय पट्टी चिकटते गालाला आणि कीड लागते दाढेच्या खाचेत. तेवढे अंतर औषधाला लाळेतूनच कापावे लागते.