शैक्षणिक सहलीपासून थीम पार्कपर्यंत : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विद्यार्थी सहलींच्या नियोजनाचा ऐतिहासिक आढावा

सारांश :
शाळा-महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींमध्ये गेल्या तीन दशकांत करमणूक उद्याने आणि थीम पार्क यांना मोठे स्थान मिळाले. चंद्रपूर व गडचिरोली ही वनव्याप्त जिल्हेही त्याला अपवाद नाहीत. याच जिल्ह्यांत मात्र किल्ले, मंदिरे, जीवाश्म, व्याघ्रप्रकल्प आणि सामाजिक प्रयोग यांचे अध्ययनक्षेत्र उपलब्ध आहे. प्रस्तुत निबंधात या दोन प्रकारच्या सहलींचा ऐतिहासिक संदर्भ तपासला आहे. सहलीचे शैक्षणिक मूल्य स्थळापेक्षा नियोजन कोणाच्या हाती आहे यावर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन त्यात केले आहे.

बीजसंज्ञा : शैक्षणिक सहल, थीम पार्क, ताडोबा, गोंडकालीन चंद्रपूर, क्षेत्रभेट, सुरक्षितता.

प्रस्तावना :
प्रवासातून ज्ञान मिळते ही कल्पना भारतीय समाजाला नवीन नाही. तीर्थयात्रा, जत्रा आणि वारी यांतून सामान्य माणसाने आपला मुलूख पाहिला. चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातील यात्रा किंवा वैनगंगेकाठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला भरणारी यात्रा ही त्याची जवळची उदाहरणे होत. तथापि शिक्षकाच्या देखरेखीखाली, अभ्यासक्रमाशी जोडलेली आणि ठरावीक मुदतीत परत येणारी विद्यार्थ्यांची सामूहिक सहल ही आधुनिक शिक्षणव्यवस्थेची आणि आधुनिक दळणवळणाची निर्मिती आहे. इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सामूहिक सहल नेली. मद्यपानबंदीच्या प्रचारासाठी काढलेली ही सहल पुढे संघटित पर्यटनाचा आरंभ मानली गेली. म्हणजे संघटित सहलीच्या मुळाशी करमणुकीबरोबर लोकशिक्षणाचा हेतूही होता. हे दोन हेतू एकमेकांपासून कसे दुरावले आणि त्यांचा मेळ पुन्हा कसा घालता येईल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

उद्दिष्टे :
१. चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील शैक्षणिक भ्रमणाच्या परंपरेचा शोध घेणे.
२. थीम पार्कच्या आगमनामुळे सहलीच्या नियोजनात झालेला बदल स्पष्ट करणे.
३. या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या परिस्थितीला अनुरूप अशा नियोजनाची दिशा सुचविणे.

अभ्यासपद्धती :
या निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन उपलब्ध दुय्यम माहितीवर आधारलेले आहे.

क्षेत्रभ्रमणाची पूर्वपीठिका :
या प्रदेशाच्या शैक्षणिक भ्रमणाचा इतिहास सांगताना स्टीफन हिस्लॉप यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८४५ मध्ये नागपूरला आलेले हे स्कॉटिश मिशनरी शिक्षक होते आणि भूगर्भाचे अभ्यासकही होते. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा येथील जीवाश्म त्यांच्या अभ्यासाचा भाग होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला नाला ओलांडत असता त्यांचा बुडून मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) त्यांच्या नावाने ओळखले जाते. क्षेत्रभेटीचे ज्ञानमूल्य आणि तिच्यातील धोका या दोन्ही गोष्टी विदर्भात अशा प्रकारे आरंभापासूनच एकत्र दिसतात.

सामूहिक प्रवासाला खरी गती रेल्वेमुळे मिळाली. वरोऱ्याचा कोळसा बाहेर नेण्यासाठी १८७७ मध्ये वर्धा-वरोरा मार्ग सुरू झाला. १९२९ मध्ये बल्लारशहा-काझीपेठ मार्ग पूर्ण होऊन दिल्ली आणि मद्रास जोडले गेले. वैनगंगेच्या पूर्वेचा वनप्रदेश मात्र या जाळ्याबाहेरच राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतरही कित्येक दशके वडसा (देसाईगंज) हेच त्यातील एकमेव रेल्वेस्थानक होते. त्यामुळे भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील विद्यार्थ्यांची सहल एस.टी. बसवरच अवलंबून राहिली. शैक्षणिक सहलींसाठी एस.टी.ने दिलेली ५० टक्के भाडेसवलत या भागात म्हणूनच विशेष महत्त्वाची ठरते.

शिक्षणविचारातही परिसराला स्थान मिळत गेले. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली आणि हस्तोद्योग व परिसर यांना शिक्षणाचे माध्यम मानले गेले. महाविद्यालयीन स्तरावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पर्यावरण अभ्यासाचा अनिवार्य पाठ्यक्रम तयार केला. त्यात नदी, वन, प्रदूषित स्थळ आणि साध्या परिसंस्था यांच्या क्षेत्रभेटीसाठी पाच तासिकांइतके काम नेमून दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही देशातील १०० पर्यटनस्थळे निश्चित करून तेथे विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी पाठविण्याचा विचार मांडला आहे. तात्पर्य, धोरणाच्या पातळीवर सहल हा अभ्यासाचाच भाग आहे. प्रत्यक्षात मात्र ती बहुधा स्नेहसंमेलनाच्या जोडीने येणारा वार्षिक उपक्रम म्हणून उरते.

१९५५ : दोन उद्यानांचा आरंभ :
१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले आणि आधुनिक थीम पार्कचा नमुना जगापुढे आला. त्याच वर्षी, तत्कालीन मध्य प्रदेशात असलेल्या चांदा जिल्ह्यात ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. आजच्या महाराष्ट्रातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. हा केवळ योगायोग असला तरी तुलनेसाठी तो उपयुक्त आहे.

दोन्ही ठिकाणी प्रवेशद्वार, तिकीट, आखलेला मार्ग आणि ठरलेली वेळ असते. भेद आहे तो आशयाच्या निर्मितीत. थीम पार्कमध्ये प्रत्येक अनुभव आधी रचलेला असतो. सकाळी आलेल्या गटाला जे दिसते तेच दुपारी आलेल्या गटालाही दिसते. ताडोब्यात वाघ दिसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तेथे पाणवठा, पाऊलखुणा, बांबूचे रान आणि वन्यप्राण्यांचे इशारे वाचावे लागतात. यासाठी पूर्वतयारी लागते आणि ती शिक्षकालाच करावी लागते.

ताडोब्याचा मानवी इतिहासही दुर्लक्षिण्यासारखा नाही. तारू या गोंड दैवताच्या नावावरून हे नाव आल्याचे सांगितले जाते. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प अशी संरक्षणाची व्याप्ती वाढत गेली. बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी या गावांचे पुनर्वसन झाले. केवळ वाघ पाहून परतणाऱ्या सहलीत हा इतिहास निसटतो आणि व्याघ्रप्रकल्पही मग एक थीम पार्कच होऊन बसतो.

येथे आर्थिक वास्तवाचीही नोंद घेणे आवश्यक आहे. सफारीच्या एका जिप्सीत ६ पर्यटक बसतात. ५० विद्यार्थी आणि ४ शिक्षक यांच्या गटाला म्हणजे ९ जिप्सी लागतात. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असते. देशविदेशातील पर्यटक येथे येत असताना जिल्ह्यातीलच ग्रामीण महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ताडोबा दुर्लभ राहावा, ही विसंगती नियोजनाचा विचार करताना डावलता येणार नाही.

श्रम व संवादावर आधारित भेटी :
या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला विद्यार्थी भेटीचा एक वेगळा नमुनाही दिला आहे. बाबा आमटे यांच्या वरोरा येथील आनंदवनाचे कार्य विस्तारत गेल्यावर मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ मध्ये प्रकल्प उभा राहिला. तेथील श्रमसंस्कार छावणीत राज्यभरातून युवक-युवती येत राहिले. सकाळी श्रमदान आणि नंतर व्याख्याने व चर्चा, असे तिचे स्वरूप राहिले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्पही अनेकांच्या भेटीचे ठिकाण झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळविले. त्याची अभ्यासगटाची परंपरा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रामसभेचे कामकाज समजून घेण्याची संधी देते.

अशा भेटींतही एक धोका संभवतो. पूर्वतयारीविना गेलेला गट माडिया किंवा गोंड समाजाकडे प्रदर्शनातील वस्तूप्रमाणे पाहू लागतो. छायाचित्रे काढून परतणारी अशी भेट थीम पार्कपेक्षा अधिक अशैक्षणिक ठरते, कारण थीम पार्कमध्ये निदान कोणाची मानहानी होत नाही. ग्रामसभेची पूर्वसंमती, प्रश्नांची आधी तयार केलेली यादी आणि भेटीनंतर गावाला पाठविलेला अहवाल हे येथील नियोजनाचे किमान घटक होत.

थीम पार्कचे आगमन व नियोजनाचे हस्तांतर :
भारतात दिल्लीतील अप्पू घर १९८४ मध्ये आणि मुंबईतील गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. १९९६ मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी, तर २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. बल्लारशहाहून सिकंदराबादकडे थेट रेल्वे असल्याने रामोजी फिल्म सिटी चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांना मुंबईपेक्षा जवळची आहे. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र (१९९२) हा तुलनेने कमी खर्चाचा आणि अभ्यासक्रमाशी थेट जोडलेला पर्याय आहे.

थीम पार्कच्या सहलीत वाहन, भोजन, तिकीट आणि वेळापत्रक एकत्रितपणे पुरविले जाते. यामुळे शिक्षकाचा भार हलका होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि किती वेळ थांबावे हे निर्णयही त्याबरोबर शिक्षकाच्या हातून जातात. शिक्षकाकडे हजेरी घेणे आणि मुले मोजणे एवढेच काम उरते. सहलीच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल हाच आहे. स्थळ बदलले, तसे नियोजनकर्तेही बदलले.

असे असले तरी थीम पार्क सर्वथा त्याज्य मानणे अन्यायाचे होईल. ज्या विद्यार्थ्याने रेल्वे पाहिलेली नाही, त्याच्यासाठी बल्लारशहा ते सिकंदराबाद हा प्रवास हाच मोठा धडा असतो. अनेक मुलींना घराबाहेर रात्र काढण्याची परवानगी केवळ महाविद्यालयीन सहलीमुळेच मिळते. तिकडे सारेच जातात, मग आमच्या विद्यार्थ्यांनी केवळ जंगलच का पाहावे, हा पालकांचा प्रश्नही रास्त आहे. गडचिरोली पोलीस दलाने दुर्गम भागातील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या ‘महाराष्ट्र दर्शन’ सहलींमागे बाहेरचे जग दाखविण्याचीच भूमिका होती. २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याआधी त्यांना टप्प्याटप्प्याने दीर्घ प्रशिक्षण मिळाले होते. दूरचा प्रवास तयारीने केला तर काय साध्य होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सुरक्षितता व जबाबदारी :
१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. दुसरी दुर्घटना करमणुकीच्या तलावात, ठेकेदाराच्या व्यवस्थेखाली झाली. कुंपणाच्या आत म्हणजे सुरक्षित, हा समज त्यामुळे टिकत नाही.

मुरूडच्या घटनेनंतर महाराष्ट्रात सहलींचे नियम कडक झाले आणि ते आवश्यकच होते. पालकांचे संमतीपत्र, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचार आणि पाण्यापासून अंतर या बाबींशी तडजोड होऊ नये. मात्र भीतीपोटी नदी, किल्ला आणि वन ही स्थळे यादीतून कायमची वगळली गेली, तर या दोन जिल्ह्यांत पाहण्यासारखे थोडेच उरेल. मार्कंड्याची मंदिरे वैनगंगेच्या काठीच आहेत. तेथे विद्यार्थी शिल्पे पाहतील, पात्रात उतरणार नाहीत, ही अट आधी घालणे आणि पाळणे म्हणजेच नियोजन होय.

नियोजनाची दिशा :
पहिली बाब काळाची. धानाची कापणी आटोपून घरात पैसा आलेला असताना, साधारणतः डिसेंबर-जानेवारीत, सहल ठेवावी. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात वनालगतच्या गावांतील विद्यार्थी कुटुंबाच्या कामात असतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो.

दुसरी बाब जोडणीची. रामोजी फिल्म सिटीला जाणाऱ्या गटाने आधी चंद्रपूरचा परकोट पाहावा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा ही चार द्वारे आणि पाच खिडक्या असलेली ही गोंडकालीन तटबंदी आहे. इको-प्रो संस्थेने २०१७ मध्ये तिची स्वच्छता सुरू केली तेव्हा ती देशाच्या नजरेत आली. खऱ्या तटाचा दगड, चुना आणि डागडुजीच्या खुणा नोंदवून गेलेला विद्यार्थी चित्रपटासाठी उभारलेला महाल पाहताना प्रश्न विचारू लागतो. यातले कोणते रूप कोणत्या काळाचे, कोणासाठी आणि कशाच्या आधारे रचले, हा इतिहासाच्या साधनचिकित्सेचाच पाठ आहे. अमेरिकेतील काही करमणूक उद्यानांत १९७० च्या दशकापासून पदार्थविज्ञान दिवस पाळले जातात आणि झुल्यांवर वेग व त्वरण मोजले जाते. वाणिज्य शाखेला तिकिटाची रचना आणि गर्दीचे व्यवस्थापन हा विषय देता येतो.

तिसरी बाब पर्यायांची. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे. लगतच्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातूनच ‘बारापासॉरस टागोराय’ या महाकाय डायनासोरचे अवशेष मिळाले आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. थीम पार्कमधील कृत्रिम डायनासोर पाहण्यासाठी पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला खरा डायनासोर आपल्याच खोऱ्यात होऊन गेल्याचे माहीत असावयास हवे. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० कि.मी. असल्याने येथे मुक्कामाची सोय आधी ठरवावी लागते.

चौथी बाब खर्चाची. जो विद्यार्थी वर्गणी देऊ शकत नाही तो सहलीच्या दिवशी घरी राहतो आणि त्याची अनुपस्थिती कोणी नोंदवीत नाही. म्हणून एका वर्षी दूरची सहल आणि दरवर्षी सर्वांना परवडणारी एकदिवसीय स्थानिक क्षेत्रभेट, अशी विभागणी करणे इष्ट होय.

निष्कर्ष :
१. चंद्रपूर-गडचिरोली परिसराला क्षेत्रभ्रमणाची दीर्घ परंपरा असून ती श्रम, निरीक्षण आणि संवाद यांवर आधारलेली आहे.
२. थीम पार्कमुळे सहलीचे स्थळ बदलले, त्याहून अधिक म्हणजे नियोजन शिक्षकाकडून व्यवस्थापनाकडे गेले.
३. पूर्वतयारीविना केलेली ताडोब्याची वा आदिवासी गावाची भेटही करमणूकच ठरते, तर पूर्वतयारीने केलेली थीम पार्कची भेट शैक्षणिक होऊ शकते.
४. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली आहेत. त्यांनी स्थानिक स्थळांच्या क्षेत्रभेट-पुस्तिका संयुक्तपणे तयार केल्यास एकेका शिक्षकावरील भार कमी होईल आणि नियोजन पुन्हा अध्यापकांच्या हाती येईल.